आरएक्स-१०० चा पुढचा फोर्क: सील बदलूनही तेल का गळतं आणि काम कोणत्या क्रमानं करायचं

सील बदललं आणि महिना व्हायच्या आत पाइपवर पुन्हा तेलाची कडी दिसली, ही तक्रार जुन्या यामाहा आरएक्स-१०० वाल्यांकडून सतत ऐकू येते. मग 'डुप्लिकेट सील दिलं' म्हणून दुकानदारावर राग निघतो. बहुतेक वेळा सीलचा दोष नसतो. गंजाचे खड्डे पडलेल्या पाइपवर कितीही चांगलं सील बसवा, ते खड्डे त्याचा ओठ, म्हणजे पाइपला टेकणारी रबरी कड, कुरतडणारच. माझ्या स्वतःच्या गाडीचं सील एका गॅरेजात दोनदा बदललं गेलं आणि दोन्ही वेळा पाइपवरून कुणी नखसुद्धा फिरवलं नाही. तिसऱ्या वेळी मी फोर्क घरी खोलला.

या गाड्या १९८५ ते १९९६ या काळातल्या. त्यातली सगळ्यात नवी गाडीही आता तिशीच्या घरात आहे. म्हणून फोर्क खोलायचा तो पूर्ण खोलायचा आणि सील हे शेवटचं काम समजायचं. डॅम्पर रॉडचा (भोकं असलेला आतला दांडा, जो तेलाचा प्रवाह आवरतो) साधा फोर्क असलेल्या त्या पिढीच्या इतर गाड्यांनाही हाच क्रम लागू पडतो.

शब्द गॅरेजातलेच वापरतो. खालचा अ‍ॅल्युमिनियमचा भाग म्हणजे बॉटम केस, तिच्यात सरकणारी क्रोमची नळी म्हणजे पाइप, दोन्ही पाइप धरणारा खालचा जोड म्हणजे टी आणि हँडलखालची ती वरची प्लेट. एका बाजूचा पाइप आणि बॉटम केस मिळून फोर्कचा एक पाय.

## १. सामान आधी, पाना नंतर

अर्धवट उघडलेला फोर्क आठवडाभर पडून राहिला की आत धूळ जाते आणि छोटे भाग हरवतात. त्यामुळे पुढचं सगळं हाताशी असल्याशिवाय सुरुवात करू नका.

- दोन ऑइल सील, दोन डस्ट सील, सीलवरच्या दोन सर्क्लिप (सील जागेवर धरणारी तारेची कडी)
- खालच्या अ‍ॅलन बोल्टचे दोन नवे तांब्याचे वॉशर
- वरच्या झाकणाच्या दोन ओ-रिंग
- फोर्क ऑइल, मोजपात्र किंवा मोठी सिरिंज
- चांगल्या पोलादाची अ‍ॅलन की. रस्त्यावर मिळणारा मऊ सेट या कामाला नको
- वर्नियर, रॉकेल, सुती चिंध्या, डोळ्यांवर चष्मा
- झाडूचा लाकडी दांडा, दोन प्लास्टिकचे टाय, डावं-उजवं लिहायला मार्कर

सील नुसतं 'आरएक्सचं द्या' म्हणून आणू नका. पाइपचा बाहेरचा व्यास वर्नियरनं मोजून घेऊन जा आणि दुकानातच सीलवर छापलेल्या आकड्यांतला पहिला आकडा त्याच्याशी जुळवा. पूर्वीच्या मालकानं दुसऱ्याच गाडीचा पाइप टाकलेला असू शकतो.

## २. टाय बांधा आणि एक फेरी मारा

ही दोन मिनिटांची पायरी जवळजवळ सगळे गाळतात. दोन्ही पाइपवर डस्ट सीलला टेकवून एकेक प्लास्टिकचा टाय बांधा. घट्ट, पण सरकेल इतपत. नेहमीच्या रस्त्यावर, गतिरोधक आणि खड्ड्यांसह, एक चक्कर मारून या. टाय जिथवर वर गेला तिथवर सील फिरतं. मार्करनं खूण करा. पुढे पाइप तपासताना याच पट्ट्यातला खड्डा महत्त्वाचा ठरतो. टीच्या आत दडलेल्या भागात कितीही गंज असला तरी तेल तिथून गळत नाही.

परत आल्यावर गाडी मेन स्टँडवर घ्या आणि पुढचं चाक अधांतरी राहील असा लाकडी ठोकळा फ्रेमच्या खालच्या नळ्यांखाली द्या. सायलेन्सरच्या बेंडखाली किंवा थेट क्रँककेसखाली जॅक लावू नका.

तपासा: हँडल डावी-उजवीकडे हळूच फिरवा. मधोमध अडकल्यासारखं वाटलं तर कोनसेटमध्ये, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगमध्ये, खळगे पडलेत. मग तोही याच वेळी बदला, नाहीतर महिन्याभरात हेच सगळं पुन्हा उघडावं लागेल.

## ३. चाक, मडगार्ड आणि खालचा बोल्ट

ब्रेकची आणि स्पीडोमीटरची केबल सोडा, अ‍ॅक्सल काढा, चाक बाहेर घ्या. ब्रेक प्लेटमधली खाच बॉटम केसवरच्या उंचवट्यात कशी बसली होती, त्याचा मोबाइलवर फोटो घ्या. हा फोटो शेवटी लागणार आहे. मडगार्डचे बोल्ट गंजलेले असतील तर आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. हे बोल्ट तुटले की बॉटम केसमधले आटे जातात आणि काम लेथवाल्याकडे जातं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. फोर्क अजून टीमध्येच आहे, आत स्प्रिंग आहे. बॉटम केसच्या तळाचा अ‍ॅलन बोल्ट याच वेळी ढिला करायचा. काढायचा नाही, फक्त सोडवायचा. हा बोल्ट आतल्या डॅम्पर रॉडमध्ये बसतो. स्प्रिंगचा दाब असेपर्यंत रॉड जागेवर राहतो. स्प्रिंग काढली की बोल्टाबरोबर रॉडही गरागरा फिरतो आणि लोक तासभर घाम गाळतात.

बोल्टाच्या खळग्यातली माती टोकदार सुईनं पूर्ण काढा. अ‍ॅलन की तळापर्यंत बसली पाहिजे. जोडीदाराला बॉटम केस वर दाबून धरायला सांगा आणि एकाच झटक्यात फिरवा. अर्धवट बसलेली की हळूहळू रेटली तर खळगा गोल होतो.

खबरदारी: बोल्ट सुटताच तेल ठिबकेल. खाली डबा ठेवा.

## ४. वरचं तोंड सैल करून फोर्क खाली ओढा

या गाड्यांमध्ये वरचं तोंड दोन प्रकारांनी बंद असतं. षट्कोनी कॅप बोल्ट असेल तर वरच्या प्लेटचा आवळता बोल्ट आधी ढिला करा, टीचा घट्टच ठेवा आणि कॅप बोल्ट पाऊण फेरा सोडवा. फोर्क बाहेर काढल्यावर गुळगुळीत पाइप हातात धरून हा बोल्ट सुटत नाही. मग पाइप व्हाइसमध्ये आवळला जातो आणि क्रोमवर दात उमटतात.

रबरी टोपीखाली दाबून बसवलेली बैठक आणि तारेची रिंग असेल तर ती आत्ता उघडायची गरज नाही.

आता टीचा बोल्ट ढिला करा आणि पाइप डावी-उजवीकडे पिळत खाली ओढा. अडला तर खाचेत तेल मारून थांबा. खाच रुंद करायला स्क्रू ड्रायव्हर ठोकू नका. तो ओतीव भाग तडकू शकतो.

एका वेळी एकच पाय काढा. हेडलाइट धरणारे कान आणि त्यांचे रबरी वॉशर पाइपवरच बसलेले असतात. पाइप निघाला की त्याच्या जागी पीव्हीसी पाइपचा तुकडा घाला, म्हणजे तो सगळा संसार जागेवर राहतो. पायावर 'डावा' किंवा 'उजवा' लिहा. दोन्ही पायांचे भाग वेगळ्या ताटल्यांत ठेवा, मिसळू नका.

## ५. पाय उघडणं

चष्मा घाला. वरची बैठक खाली दाबताना किंवा कॅप बोल्टचा शेवटचा आटा सुटताना स्प्रिंग वर उसळते. चेहरा त्या रेषेत नको. रिंगवाल्या प्रकारात एकानं जाड गजानं बैठक दाबून धरायची आणि दुसऱ्यानं रिंग काढायची.

स्प्रिंग बाहेर घेताना तिची कोणती बाजू वर होती ते टिपून ठेवा. दाट वेटोळी एका टोकाला असतात.

तेल ओता, पाइप दहा-बारा वेळा वर-खाली करा, पुन्हा ओता. तेलाकडे नीट पाहा. करडी चकाकी असेल तर ती बॉटम केसच्या अ‍ॅल्युमिनियमची झीज आहे. दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. कोकणात किंवा मुंबईत पावसाळाभर उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाड्यांत हे हमखास दिसतं.

खालचा बोल्ट आता पूर्ण काढा. रॉड फिरायलाच लागला तर झाडूच्या दांड्याचं टोक निमुळतं करा, वरून पाइपमध्ये घालून रॉडच्या डोक्यात ठोकून बसवा आणि दांडा दाबून धरा. एवढ्यानं बहुतेक बोल्ट सुटतात.

डस्ट सील वर सरकवा, सर्क्लिप काढा आणि पाइप बाहेर ओढा. पाइप उलटा केला की डॅम्पर रॉड आणि त्यावरची छोटी रिबाउंड स्प्रिंग वरच्या तोंडातून बाहेर येते.

खबरदारी: रॉडच्या खालच्या टोकावर एक निमुळता तुकडा बसतो. तो बऱ्याचदा बॉटम केसच्या तळाशी तेलाच्या गाळात चिकटून राहतो आणि तेलाबरोबर फेकला जातो. फोर्क पूर्ण दाबला गेल्यावर शेवटचा धक्का तेलात जिरवायचं काम तो करतो. तो नसेल तर मोठ्या खड्ड्यात धातू धातूवर आपटतो. दोन्ही पायांचे दोन तुकडे हातात आल्याशिवाय जुनं तेल टाकू नका. टाकायचं तेव्हाही गटारात नाही. बाटलीत भरून गॅरेजच्या जळक्या ऑइलच्या पिंपात द्या.

जुनं सील काढताना बॉटम केसचं तोंड गरम पाण्यात दोन-तीन मिनिटं धरा. अ‍ॅल्युमिनियम थोडं फुगतं. मग काठावर लाकडाची चीप ठेवून टायर काढायच्या गोल पातीनं सील उचला. सीलच्या बैठकीवर स्क्रू ड्रायव्हरचा एक खोल ओरखडा पडला तर नवं सील बाहेरच्या कडेनं गळतं, आणि ते गळणं कुणाच्या लवकर लक्षात येत नाही.

## ६. तपासणी: इथे घाई नको

सगळे भाग रॉकेलनं धुऊन कोरड्या कपड्यानं पुसा. बॉटम केसच्या तळाचा गाळ बोटानं खरवडून काढा. डॅम्पर रॉडच्या भोकांत बारीक तार घालून ती मोकळी आहेत ना ते पाहा. फोर्कची उसळी आवरायचं सगळं काम त्या भोकांतून जाणाऱ्या तेलावर चालतं. रॉडच्या डोक्यावरची रिंग तडकलेली किंवा सैल असेल तर बदला.

पाइपचा पृष्ठभाग. टायवरून केलेली खूण आठवा. त्या पट्ट्यात आधी नख फिरवा, मग कापसाचा बोळा. जिथे तंतू अडकतात तिथे खड्डा आहे. उन्हात पाइप तिरका धरून पाहिलात तर टाचणीच्या टोकाएवढे ठिपकेही दिसतात.

नुसता वरवरचा गंज असेल तर २००० नंबरचा पॉलिश पेपर तेलात भिजवून पाइपच्या गोलाईनं फिरवा, लांबीच्या दिशेनं कधीच नाही. लांबीची रेघ म्हणजे तेलाला बाहेर यायची वाटच. एक-दोन सुटे खड्डे असतील तर काठ घासून, रॉकेलचा अंशही न ठेवता, दोन भागांचं इपॉक्सी भरायचं आणि पूर्ण वाळल्यावर सपाट घासायचं. मी हा उपाय केलाय. तो टिकतो, पण खड्डे मोजकेच असतील तर. खड्ड्यांची रांग लागली असेल किंवा क्रोमचा पापुद्रा सुटत असेल तर पाइप बदला, किंवा हार्ड क्रोम करून मूळ मापाला ग्राइंड करून घ्या.

खबरदारी: बंपर आणि सायलेन्सर चमकवणाऱ्या दुकानात पाइप देऊ नका. तो क्रोम शोभेचा असतो: पातळ, आणि वर ग्राइंडिंग होत नाही. पाइप आरशासारखा दिसतो आणि थोड्याच दिवसांत सोलायला लागतो.

बाजारातला नवा पाइप घेताना वर्नियरनं तीन ठिकाणी व्यास मोजा: खाली, मध्ये, वर. तिन्ही आकडे सारखे नसतील तर परत करा.

पाइपचा सरळपणा. जाड काचेवर पाइप लोळवा आणि खालून येणारा उजेड पाहा. फट मिटते-उघडते असं दिसलं तर पाइप वाकलाय. नक्की मोजायचं असेल तर लेथवाल्याकडे व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल गेज लावा. पाइप फिरवताना काट्यानं जितका फरक दाखवला त्याच्या निम्मा वाक असतो. ०.२ मिमीच्या वर वाक असेल तर मी तो पाइप वापरत नाही. प्रेसवर सरळ करून देणारे मिळतात. वाकून सरळ केलेला पाइप तिथेच कमकुवत होतो आणि पुढच्या आपटीला तिथेच वाकतो. समोरच्या चाकाचा भार ज्यावर आहे त्या भागात ही काटकसर नको.

बॉटम केस. ज्या फोर्कमध्ये पाइप थेट अ‍ॅल्युमिनियममध्ये सरकतो, वेगळा बुश (झीज सोसणारी आतली कडी) नसतो, तिथे झीज केसचीच होते. कोरडा पाइप केसमध्ये घाला, जवळजवळ पूर्ण बाहेर ओढा आणि आडवा हलवून पाहा. दुसऱ्या पायाशी तुलना करा. ठळक खडखड येत असेल तर पाइप सीलमध्ये डोलणार आणि नवं सीलही लवकर जाणार. अशी केस बदलावी लागते.

स्प्रिंग. दोन्ही शेजारी उभ्या करा. उंचीत फरक दिसला तर जोडीनं बदला, एकटी नाही. बसलेल्या स्प्रिंगवर जाड तेलाचा उतारा सांगितला जातो. जाड तेलानं फोर्क फक्त सावकाश हलतो. गाडीचं नाक खाली बसलेलं ते बसलेलंच राहतं.

## ७. सील बसवणं

बैठक पुसा आणि सीलच्या बाहेरच्या कडेला तेलाचा हात फिरवा. सीलच्या एका बाजूला आत बारीक स्प्रिंग दिसते. ती बाजू खाली, तेलाकडे. अक्षरं आणि आकडे वर.

सील रिकाम्या केसमध्येच बसवा, म्हणजे ते तिरकं जातंय का हे सरळ दिसतं. वर जुनं सील उलटं ठेवा, त्यावर मापाचा सॉकेट, आणि हलके ठोके. एका बाजूला ठोकू नका. सर्क्लिपची खोबणी सगळीकडून पूर्ण दिसली की थांबा.

तपासा: सर्क्लिप बसवून ती बोटानं फिरवा. एखाद्या ठिकाणी वर उचललेली असेल तर तिथे सील अजून पूर्ण खाली गेलेलं नाही.

## ८. जुळणी

१. रिबाउंड स्प्रिंग चढवलेला डॅम्पर रॉड पाइपमध्ये वरून सोडा, टोक खालून बाहेर येऊ द्या.
२. त्या टोकावर निमुळता तुकडा बसवा.
३. डस्ट सील पाइपवर चढवा. पाइपच्या खालच्या कडेवर पातळ प्लास्टिकची पिशवी गुंडाळा, तेल लावा, आणि पिळत-पिळत सीलमधून आत घाला. कोरडी धारदार कड नव्या सीलचा ओठ कापते. पिशवी लगेच ओढून काढा. तिचा तुकडा आत राहता कामा नये.
४. स्प्रिंग तात्पुरती आत घाला आणि वरून दाबून धरा. नवा तांब्याचा वॉशर लावून खालचा बोल्ट बसवा. आट्यांवर तेल नको, थ्रेडलॉकचा (आटे धरून ठेवणारा चिकट द्रव) एक थेंब हवा. ८ मिमी आट्याच्या बोल्टाला साधारण २० न्यूटन-मीटर ताण पुरतो.
५. स्प्रिंग परत बाहेर काढा.

जुना तांब्याचा वॉशर पुन्हा वापरणं ही तळातून गळण्याची सगळ्यात साधी आणि सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक आहे. तो एकदा चेपला की पुन्हा तसाच चेपत नाही.

तपासा: पाइप हातानं वर-खाली करा. कुठेही न अडता सरकला पाहिजे. मध्येच अडला तर रॉड मधोमध बसलेला नाही. बोल्ट ढिला करून, पाइप पूर्ण आत दाबून पुन्हा आवळा.

## ९. तेल

गाडीच्या पुस्तिकेतला आकडा मिलिलिटरमध्ये असतो. तो कोरड्या फोर्कसाठी आहे की नुसत्या तेलबदलासाठी, हे वाचा. तेलबदलात थोडं जुनं तेल आतच राहतं, म्हणून तो आकडा लहान असतो. धुऊन कोरडा केलेल्या फोर्कमध्ये तेवढंच ओतलं तर तेल कमी पडतं.

साध्या वापराला १० डब्ल्यू, दोघं बसून जात असाल तर १५ डब्ल्यू (आकडा मोठा तितकं तेल जाड). घरात उरलेलं टू-टी ऑइल (पेट्रोलबरोबर जळणारं टू-स्ट्रोक इंजिनाचं तेल) चालणार नाही. ब्रेक फ्लुइड तर चुकूनही नको, ते या सीलचं रबर फुगवतं.

निम्मं तेल ओता, पाइप सावकाश वर-खाली करा. सुरुवातीला हाताला पोकळ लागेल, आठ-दहा फेऱ्यांनंतर सारखा प्रतिकार जाणवेल. मग उरलेलं ओता. आता पाइप पूर्ण आत दाबून, स्प्रिंग बाहेर ठेवून, फोर्क सरळ उभा करा आणि पट्टीनं वरच्या काठापासून तेलापर्यंतचं अंतर मोजा. दुसऱ्या पायातही तेच अंतर हवं. पाइपचा आतला व्यास २४ मिमी धरला तर १ सेमीचा फरक म्हणजे साधारण ४.५ मिली तेल, म्हणजे सिरिंजनं अगदी सहज जुळवता येण्याजोगं.

'थोडं जास्तच घालू, गळलं तरी पुरेल' असं करू नका. जास्त तेलानं वरची हवेची जागा कमी होते, खड्ड्यात दाब वाढतो आणि तो दाब सील बाहेर ढकलतो.

स्प्रिंग, बैठक, नवी ओ-रिंग, झाकण. स्प्रिंगची दिशा दोन्ही पायांत सारखी.

## १०. गाडीवर चढवणं आणि आवळण्याचा क्रम

सगळं बरोबर करूनही फोर्क जड लागतो तो या टप्प्यातल्या चुकीमुळे. बरेच जण वरून आवळत खाली येतात. मग दोन्ही पाय एकमेकांना समांतर राहत नाहीत, पाइप केसमध्ये तिरका घासतो आणि पुन्हा सीलवर येतं.

१. दोन्ही पाइप वरच्या प्लेटशी सारख्या उंचीवर आणा. टीचे बोल्ट हलके आवळा.
२. कॅप बोल्ट असेल तर टी घट्ट करून तो आवळा, मग टी पुन्हा हलका करा.
३. चाक घाला. स्पीडोमीटरच्या गिअरचे कान हबच्या खाचेत बसवा.
४. ब्रेक प्लेटची खाच बॉटम केसच्या उंचवट्यात बसली का, ते मघाच्या फोटोशी ताडून पाहा.
५. अ‍ॅक्सलचा नट हातानं घट्ट करा. मडगार्डचे बोल्ट अजून सैलच.
६. गाडी स्टँडवरून उतरवा आणि हँडलवर भार देऊन फोर्क सहा-सात वेळा जोरात दाबा. या वेळी पुढचा ब्रेक धरू नका. पाय आपोआप आपली जागा घेतात.
७. आता खालून वर: अ‍ॅक्सल, टीचे बोल्ट, वरची प्लेट. मडगार्ड सगळ्यात शेवटी.

खबरदारी: चौथा मुद्दा चुकला तर ब्रेक दाबताच प्लेट चाकाबरोबर फिरते, केबल गुंडाळली जाते आणि चाक जागीच जाम होऊ शकतं. गाडी रस्त्यावर न्यायच्या आधी हा उंचवटा डोळ्यांनी पुन्हा पाहा. अ‍ॅक्सलच्या नटाला स्प्लिट पिन असेल तर ती नवीच घाला.

## ११. पहिले ५० किलोमीटर

ब्रेकचा खेळ जुळवा, चाक हातानं फिरवून घासत नाही ना ते ऐका. पाइप कोरड्या कपड्यानं पुसा, नवे टाय बांधा, आणि आधी गल्लीतच हळू गाडी चालवून ब्रेक लावून पाहा. मग नेहमीचा रस्ता.

परत आल्यावर पाइपवर तेलाचा अगदी पुसट, बोटाला जेमतेम कळणारा थर असेल तर काळजी नको. सील बसवताना लावलेलं तेल आहे. थेंब किंवा ठळक कडी दिसली तर गळणं कुठून येतंय ते ओळखा. पाइपलगत असेल तर ओठ कापला गेलाय किंवा खड्डा राहून गेलाय. सीलच्या बाहेरच्या कडेनं येत असेल तर बैठकीवर ओरखडा आहे. केसच्या तळाशी ओल असेल तर तांब्याचा वॉशर. या तीनपैकी नेमकं काय, हे कळल्याशिवाय नवं सील आणायला दुकानात जाऊ नका.

५० किलोमीटरनंतर टीचे, वरच्या प्लेटचे आणि मडगार्डचे बोल्ट एकदा पान्यानं तपासा. अ‍ॅलन बोल्टाला हात लावू नका. थ्रेडलॉक धरलेला असतो. टाय कुठवर गेला ते पाहून त्याची जुन्या खुणेशी तुलना करा आणि तो आकडा गाडीच्या वहीत तारखेसह लिहून ठेवा.